आहार अभ्यासक शरच्चंद्र पाठक

शरच्चंद्र पाठकांचे केस चांगले होते, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्याबद्दल चांगलं म्हणून जे काही सांगता येईल ते इथंच संपतं.

मेहकरात आमची आणि त्यांची भिंत एकच. सकाळी अंघोळ झाली की पाठक ओट्यावर येऊन उभे राहायचे. हातात लाकडी कंगवा, खांद्यावर पंचा. रस्त्यानं जाणाऱ्यानं पाहावं अशा बेतानं ते भांग पाडायचे. वय साठीला टेकलेलं, कारकुनीतून निवृत्त झालेले, पण डोकं पंचविशीतल्या पोरासारखं काळंभोर. कोणी विचारलं की म्हणायचे, कलप नाही हं, आहार आहे. त्यांच्या वडिलांना मी पाहिलंय. ते चहा आणि तंबाखूवर जगले आणि ऐंशीव्या वर्षी गेले तेव्हा त्यांच्याही डोक्यावर असंच जंगल होतं. आजोबांच्या फोटोतही तेच. म्हणजे पिढीजात आलेली वस्तू पाठकांनी स्वतःच्या कर्तृत्वाच्या खात्यावर मांडली होती. नोकरीत तरी त्यांनी वेगळं काय केलं म्हणा.

निवृत्तीनंतर माणसाला उद्योग लागतो. कोणी पोथी वाचतं, कोणी नातवंडं सांभाळतं. पाठक सल्ले द्यायला लागले. आधी कट्ट्यावर, मग मोबाईलवर, मग एका शाळेच्या पालकसभेत. आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळाल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या, त्या वर्षी तर त्यांचं नशीबच उघडलं. माणसं घाबरलेली, कंगव्यात चार केस दिसले तरी जीव खालीवर. पाठकांनी लगेच फ्लेक्स करून घेतला. एका बाजूला त्यांचा स्वतःचा फोटो, भांगासकट, आणि खाली मोठ्या अक्षरात ‘केस, नखे आणि आहार’. नावापुढे ‘आहार अभ्यासक’. ही पदवी द्यायला विद्यापीठ लागत नाही, फ्लेक्सवाला पुरतो.

भाषणात ते खोटं सांगत, असं मात्र नाही. तसं असतं तर मला त्यांची एवढी चीड आली नसती. ते सांगायचे ते बहुतेक खरंच होतं. केस आणि नखं प्रथिनांनी बनतात, म्हणून डाळ, उसळ, दूध पोटात गेलं पाहिजे. रक्तात लोह नसेल तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, म्हणून पालेभाजी, तीळ, हरभरा, आणि वर लिंबू पिळायचं म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. डोक्याला कितीही तेल चोपडा, पोट रिकामं असेल तर उपयोग नाही. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आणि त्याबरहुकूम ते वागतही होते. स्वतःपुरते.

त्यांची बायको प्रतिमा. लग्न होऊन आली तेव्हा तिची वेणी कमरेच्या खाली रुळायची. सुरुवातीच्या भाषणांना पाठक तिला बरोबर न्यायचे आणि मधेच म्हणायचे, जरा पाठमोरी उभी राहा. ती उभी राहायची. बायका वेणी बघून हरखायच्या. बाजारात गाईची शेपटी उचलून दाखवतात, त्यापेक्षा त्यात फार फरक नव्हता. पुढं वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली, तेव्हा नेणं बंद झालं. का बंद झालं ते प्रतिमानं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्या घरातलं जेवण मी वर्षानुवर्षं पाहिलंय. पहाटे भिजलेले बदाम सोलायचे प्रतिमानं, खायचे पाठकांनी. दुधावरची साय त्यांची, खालचं दूध चहाला. डाळिंब आणलं तर दाणे काढताना तिची बोटं काळी व्हायची आणि वाटी जायची टेबलावर. दुपारी दोन भाज्या, त्यातली एक पालेभाजी, लिंबाची फोड, मोड आलेले मूग. पाठक एकटेच जेवायचे, कारण जेवताना बोललं की पचन बिघडतं असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. उसळ आवडली की पुन्हा मागायचे, पालेभाजी तर पातेलं पुसून. मग प्रतिमा बसायची. पोळी, वरणाचं पाणी, लोणचं, आणि त्यावर कपभर चहा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे उपास वेगळे. तेव्हा साबुदाणा, तोही त्यांना खिचडी वाढून उरला तर. ‘उपासानं शरीर शुद्ध होतं,’ असं ते भाषणात सांगायचे. स्वतःचं शरीर त्यांना अशुद्धच बरं वाटत असावं, कारण ते एकही उपास करत नव्हते.

एकदा मी मुद्दाम तिच्यासाठी वाटीभर मेथीची भाजी दिली, दाण्याचं कूट घालून. दुसऱ्या दिवशी वाटी परत द्यायला पाठक स्वतः आले. भाजी उत्तम झाली होती म्हणाले, लोखंडी कढईत केली होती का असंही विचारलं. मी हो म्हटलं. मग त्यांनी लोखंडी कढईचे फायदे मला दारात उभं राहून समजावून सांगितले.

प्रतिमाला जिना चढताना धाप लागायची. चेहरा पिठासारखा झाला होता. पदराच्या गाठीत ती कच्चे तांदूळ ठेवायची आणि कोणी बघत नसलं की चघळायची. मला वाटायचं, सवय असेल. नखं तर अशी झाली होती की मधून खोलगट आणि कडांना वर उचललेली, पाण्याचा थेंब ठेवला तर राहील. मेथी निवडताना ती तुटायची. एकदा वरणात तिचा केस निघाला, तेव्हा पाठकांनी ताट सरकवलं आणि अर्धा तास बोलले. केस गळण्याची कारणं काय काय असतात ते बोलले. तिनं मनात नकारात्मक विचार आणू नयेत, असा शेवटी निष्कर्ष निघाला. मुलगी नीरजा छत्रपती संभाजीनगरला एका औषध कंपनीत नोकरीला. ती फोनवर विचारायची, आई, बरी आहेस ना. प्रतिमा म्हणायची, बरी आहे. ताटासमोर बसलेल्या नवऱ्याच्या देखत बाई आणखी काय सांगणार.

आठ मार्चला डोणगावच्या बचत गटानं महिला दिनाचा कार्यक्रम ठेवला होता. गटाच्या अध्यक्ष अंबूबाई, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांनी पाठकांना भाषणाला बोलावलं आणि आग्रह धरला की या खेपेला वहिनींना आणाच, आम्हाला त्यांची ओटी भरायची आहे. आता बाईला ओटीला नाही कसं म्हणायचं. पाठकांनी प्रतिमाला डोक्यावरून पदर घ्यायला सांगितलं. प्रतिमानं मला सोबत चल म्हटलं, म्हणून मीही गेले.

समाजमंदिरात पन्नास-साठ बायका सतरंजीवर बसल्या होत्या. भाषणाआधी रक्ततपासणी होती. संजीवनी नावाची सिस्टर एका टेबलावर छोटं यंत्र, सुया आणि कापूस मांडून बसली होती. पण बोट पुढं करायला कोणी तयार होईना. एक म्हातारी म्हणाली, आधी पाव्हणीले घ्या, मंग आमी. सगळ्या हसल्या.

यावर पाठक काय म्हणाले असतील? ते माईकवरून म्हणाले, अवश्य, आमच्या सौभाग्यवतींपासूनच सुरुवात करा, म्हणजे योग्य आहाराचा परिणाम सगळ्यांना दिसेल. ते हे थट्टेनं म्हणाले नाहीत. त्यांना खरंच तसं वाटत होतं. ज्या बाईच्या हातचं तीस वर्षं जेवले, तो हात त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

अंबूबाईंनी प्रतिमाला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. सिस्टरनं सुई टोचली. थेंब यायला वेळ लागला, आला तो पाणी मिसळलेल्या कुंकवासारखा. सिस्टरनं आकडा पाहिला, दुसऱ्या हाताचं बोट घेतलं. पुन्हा पाहिलं. मग तिनं प्रतिमाची नखं निरखली, डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. हळू आवाजात विचारलं की दम लागतो का, माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही खावंसं वाटतं का. प्रतिमानं मान डोलावली आणि पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.

‘मोठ्यानं सांगा, सिस्टर,’ पाठक माईकवरून म्हणाले. ‘सगळ्यांना कळू द्या.’

सिस्टरनं सांगितलं, हिमोग्लोबिन साडेसहा. बाईमाणसाला बाराच्या वर पाहिजे. आणि यांना आजच दवाखान्यात न्या.

पाठकांनी यंत्रात बिघाड असल्याचं जाहीर केलं. ते सिद्ध करायला व्यासपीठावरून उतरून आपलं बोट पुढं केलं. माणूस स्वतःच्या पायानं खड्ड्यात उतरताना बघायला एरवी वाईट वाटतं. मला नाही वाटलं. सिस्टरनं टोचलं. लालभडक थेंब टपकन आला. साडेपंधरा.

अंबूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा प्रतिमाकडे.

‘एकाच चुलीवरचं खाता ना हो तुमी दोघं?’ त्या म्हणाल्या. ‘मंग बाईचं असं काऊन?’

प्रश्न पाठकांना होता. उत्तर प्रतिमानं दिलं. रडून नाही, रागानं नाही. किती वाजले असं कोणी विचारावं आणि आपण घड्याळ बघून सांगावं, तशी ती म्हणाली, ‘हे आधी जेवतात. मग मी, जे उरलं ते.’

एखादा माणूस अशा वेळी खाली बसला असता. एखादा निदान पाणी प्यायला असता. पाठकांनी बोटावरचा कापूस खिशात टाकला, माईक हातात घेतला आणि म्हणाले, ‘आता आपण मूळ विषयाकडे वळू.’ आणि ते खरोखर वळले. प्रथिनं, लोह, तीळ, लिंबू. त्यांचा आवाज एकदाही अडखळला नाही.

अंबूबाई भाषण सुरू असतानाच उठल्या आणि प्रतिमाला आणि मला शेजारच्या आपल्या घरी घेऊन गेल्या. आमच्यामागे एकेक करत बऱ्याच बायका उठल्या. चुलीपुढं पाट मांडून अंबूबाईंनी ज्वारीची भाकर, चवळीची भाजी, घट्ट वरण आणि गुळाचा खडा वाढला. प्रतिमा आधी नको नको म्हणाली, सोमवारही नव्हता आणि गुरुवारही नव्हता तरी. मग जेवायला लागली. ती भरभर जेवत होती, मान वर न करता. कोणी पान ओढून नेईल अशी भीती असलेल्या माणसासारखी. अंबूबाईंनी दुसरी भाकर तव्यावर टाकली. पलीकडून माईकवरून पालेभाज्यांचं महत्त्व ऐकू येत होतं.

परतीच्या वाटेवर, ऑटोत, पाठक एवढंच बोलले की चारचौघांत सांगायची काय गरज होती. दवाखान्याचा विषय त्यांनी काढला नाही. मेहकर आल्यावर मी घरी जाऊन नीरजाला फोन लावला.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्या मिळालेल्या बसनं आली. आईला पाहून तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगत बसत नाही. ती बापाशी भांडली नाही. भांडायलाही समोर माणूस लागतो. पाठक तिला समजावत होते की आईचा स्वभावच तसा, ती स्वतःकडे लक्ष देत नाही, मी किती वेळा सांगितलं. नीरजानं आईचे कपडे पिशवीत भरले. पाठक बरोबर गेले नाहीत, त्यांचं जानेफळच्या शाळेत भाषण ठरलेलं होतं.

संभाजीनगरला डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. कुठून रक्त जात नव्हतं, जंत नव्हते, दुसरा काही रोग निघाला नाही. बाईच्या पोटात वर्षानुवर्षं पुरेसं अन्नच गेलं नव्हतं, आणि गेलं त्यावर चहा. लोहाची सलाईन दिली, गोळ्या दिल्या आणि खायला काय काय द्यायचं ते सांगितलं. त्यात अंडी होती. प्रतिमा जन्मात अंड्याला शिवली नव्हती. नीरजानं पहिल्यांदा उकडून दिलं तेव्हा तिनं नाक धरून खाल्लं म्हणे. पुढं पुढं स्वतःच मागायला लागली, वर मीठ-मिरपूड घालून.

इकडे पाठकांनी खानावळीचा डबा लावला. रोज बटाटा, नाहीतर वांगं. आठवड्यातच ते कासावीस झाले. फोनवर नीरजाला विचारायचे, आई कधी येणार, बदाम भिजतात पण सोलायला वेळ मिळत नाही. दिवसभर ओट्यावर बसणाऱ्या माणसाला बदाम सोलायला वेळ मिळत नव्हता. एके दिवशी ते रिकामा डबा घेऊन आमच्या दारात आले आणि हिवाळा संपला तरी मेथी अजून चांगली येते आहे, असं म्हणाले. मी आतून जुडी आणली, त्यांच्या हातात दिली आणि निवडून आणा म्हटलं, मग फोडणी देऊ. संध्याकाळी ती जुडी आमच्याच ओट्यावर सुकलेली सापडली.

मला वाटलं होतं की या खाण्यानं त्यांचे केस तरी गळतील. नाही गळले. तसेच काळे, तसेच दाट. रोज सकाळी कंगवा चालूच. त्यांच्या आहारशास्त्राचा यापेक्षा मोठा पराभव दुसरा नव्हता, पण तो त्यांच्या लक्षात आला नाही.

पावसाळा सरता सरता प्रतिमा परत आली. नीरजा म्हणत होती, इथंच राहा. प्रतिमानं सांगितलं, ते घर माझंही आहे, मी का सोडू. मी तिला भेटायला गेले तेव्हा तिनं हात पुढं करून नखं दाखवली. मुळाशी नवं नख सपाट आणि गुलाबी येत होतं आणि जुना खोलगट भाग टोकाकडं सरकत होता, अजून थोडा उरला होता. कपाळावर नव्या केसांची लव आली होती, लहान बाळासारखी. ती वेणी काही परत आली नव्हती. खांद्यापर्यंत केस कापून टाकले होते तिनं, आणि ते तिला शोभत होते.

पहिल्याच सकाळी तिनं भिजलेले बदाम सालासकट वाटीत घालून टेबलावर ठेवले. अर्धे स्वतःच्या वाटीत. गुरुवार सोडला, सोमवार सोडला. एकादशीचा उपास ठेवला, तोही राजगिरा, शेंगदाणे आणि दूध घेऊन. दुपारी ती पाठकांच्या समोरच ताट घेऊन बसायला लागली. बोलल्यानं पचन बिघडतं, असं त्यांनी सांगून पाहिलं. ती म्हणाली, मी कुठं बोलते आहे, मी तर जेवते आहे.

मग अंड्याचा दिवस आला. आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. पाठक म्हणत होते की त्यांच्या घराण्यात हे कधी झालं नाही, स्वयंपाकघराला सोवळं आहे, देव्हारा पलीकडे आहे.

‘डॉक्टरांनी सांगितलंय,’ प्रतिमा म्हणाली.

‘मग हे या घरात चालणार नाही.’

‘मग तुम्ही बाहेर ओट्यावर जेवा.’

ते खरंच ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसले. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असेल, मोकळ्या हवेत जेवण्याचाही काही फायदा असावा. कोणीतरी विचारलंही. पाठकांनी फायदे सांगितले.

एवढं झाल्यावर माणूस थोडा तरी गप्प होईल, असं कोणालाही वाटेल. डोणगावकरांनी त्यांना पुन्हा बोलावलं नाही, हे खरं. अंबूबाई बाजाराला मेहकरात आल्या की प्रतिमाची चौकशी करून जातात, पाठकांना नमस्कारही करत नाहीत. पण डोणगावाबाहेरही जग मोठं आहे आणि त्यात माणसंही भरपूर आहेत ज्यांना काही माहीत नाही. दिवाळीनंतर पाठकांनी नवा फ्लेक्स छापून घेतला. त्यावर आता दोन फोटो होते. एक प्रतिमाचा जुना, पांढराफटक, कुठल्या तरी लग्नातला, आणि एक आत्ताचा. मधे बाण. खाली ‘घरचंच उदाहरण : अवघ्या काही महिन्यांत बदल’. तिच्या रक्ताच्या दोन्ही तपासण्यांचे कागद त्यांनी, कशाला हवेत ते न सांगता, नीरजाकडून मागवून प्लास्टिकच्या पाकिटात घातले. साडेसहावरून बारावर कसं आणलं, हे पाठक सांगणार होते. आणलं कोणी, ते सांगायचं कारण नव्हतं.

या नव्या भाषणाचा पहिला प्रयोग रोहिणखेडला होता. तिथल्या कोणा ओळखीच्यांनी जीपगाडी पाठवली होती. पाठक धुतलेला झब्बा घालून, फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून तयार. प्रतिमानं बरोबर यावं, लोकांना प्रत्यक्ष दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा तिच्याकडेच बसले होते. ती जेवत होती. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, दह्याची वाटी.

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. पाठक दारातून म्हणाले, चल लवकर, लोक खोळंबलेत.

‘माझं जेवण व्हायचंय,’ प्रतिमा म्हणाली आणि तिनं भाजीचं पातेलं जवळ ओढलं.

ते एकटेच गेले. रोहिणखेडला भाषण फार रंगलं असं ते परत आल्यावर सगळ्या गल्लीला सांगत होते. बायकोची तब्येत नाजूक असल्यानं ती येऊ शकली नाही, असं तिथं सांगितल्याचंही त्यांनीच सांगितलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. शाल त्यांनी कपाटात ठेवली. नारळ प्रतिमानं दुसऱ्या दिवशी फोडला आणि आम्ही दोघींनी त्याची चटणी वाटून गरम धिरड्यांबरोबर खाल्ली. पाठकांसाठी ठेवली होती का, ते मी विचारलं नाही.